डेल्फियाचा धूर

“हात लावू नकोस,” डेल्फिया म्हणाली.

मी हात लावला नव्हता. नुसता वाकलो होतो. पण माझे गुडघे वाजतात, त्यामुळे मी वाकलो की डेल्फिया रॅटलिफला कळतं.

“झाकण वाकडं बसलंय, एवढंच सांगत होतो.”

“वाकडं बसवलंय मी. हवा आत जायला नको? सत्तर वर्षं केंटकीत काढलीस हॉलिस, आणि अजून शेगडी कळत नाही तुला. जा, खुर्चीत बस. आज कुणी मदत केलेली चालणार नाहीये, माहितीय ना?”

माहीत होतं. मलाच तर पंच नेमला होता. मी मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसलो. तिच्या आणि माझ्या अंगणांमध्ये कुंपण नाही, नुसती गवताची पट्टी आहे, आणि ती खुर्ची गेली नऊ वर्षं त्या पट्टीवरच असते. त्याआधी मी शाळेची बस चालवायचो. चाळीस पोरं मागे बोंबलत असताना रस्त्यावर लक्ष ठेवायची सवय आहे मला, त्यामुळे पंच म्हणून मी काही वाईट नव्हतो.

डर्बीचा दिवस होता, मे महिन्यातला पहिला शनिवार. घोडे पळणार लुईव्हिलला, तेही फक्त दोन मिनिटं, पण त्या दोन मिनिटांसाठी अख्खं राज्य सकाळपासून टोप्या घालून पीत बसतं. सगळीकडे एकच प्रकार, बर्बन व्हिस्की, साखर आणि पुदिना. डेल्फियाच्या अंगणात मात्र त्यात धूर असतो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना डर्बीत कुठला घोडा जिंकला ते आठवत नाही, पण डेल्फियाकडे काय प्यायलो ते आठवतं.

ती हे कसं करते ते मी इतक्यांदा बघितलंय की झोपेतही सांगेन. शेगडीत कोळसे एका बाजूला ओढायचे. त्यांच्यावर ओकची फळी ठेवायची, पिंपाची. दुसऱ्या बाजूला, जिथं आच नाही, नुसता धूर आहे, तिथं पसरट थाळ्यात गोड ज्वारीची काकवी पाणी घालून ठेवायची आणि झाकण लावायचं. दोन तास. बर्फाचं पाणीसुद्धा असंच दोन दिवस आधी शेगडीवर चढतं आणि मग गोठवलं जातं. पाणी धूर पितं, असं ती म्हणते. लिंबं अर्धी कापून जाळीवर पालथी. आणि शेवटी, पाहुणा समोर उभा राहिला की काचेचा पेला धुमसत्या फळीवर पालथा धरायचा. आत धूर भरून पेला दुधाळ दिसायला लागला की उलटा करायचा आणि त्यात बर्बन, काकवी, लिंबू, बर्फ. वर पुदिना, तळहातावर एकदा आपटून.

हे सगळं ती शिकली ते कारखान्यात. आमच्या गावाबाहेर बर्बनची पिंपं बनवायचा कारखाना होता, तिथं तिनं एकतीस वर्षं काढली, आणि तीही जाळाच्या रांगेत. नवं पिंप आतून जाळावं लागतं, त्याशिवाय दारूला रंग येत नाही की चव येत नाही. पिंप आगीवर ठेवायचं आणि सेकंद मोजायचे. पंधराला उतरवलं तर एक नंबरचा जाळ, पंचावन्नला चार नंबरचा. चार नंबरला लाकूड आतून मगरीच्या पाठीसारखं होतं. दोन सेकंद जास्त झाले की पिंप सरपणात. मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला होता, बाई इथं आठवडाभर टिकणार नाही. त्याच्या निरोपाच्या जेवणाचा केक डेल्फियानं कापला.

आणि आता तिचे डोळे गेले होते. पूर्ण नाही. कडेकडेचं दिसायचं, पण नजरेच्या बरोबर मधोमध एक राखाडी डाग, आणि तो वाढत चाललेला. म्हणून ती कुणाशीही बोलताना तोंड जरासं वळवून बोलायची, आणि नव्या माणसाला वाटायचं, बाई रुसलीय. चांगला धूर निळसर आणि पातळ असतो, वाईट धूर पांढरा आणि दाट. पांढऱ्यानं पेय कडवट होतं. पण तिला आता निळा काय आणि पांढरा काय. ती झाकणाच्या भोकावर तळहात धरायची, मग तो नाकाशी न्यायची. हाताला ओलसर लागलं तर धूर पांढरा. मी शेजारी बसून डोळ्यांनी ताडून बघितलंय, एकदाही चुकली नाही.

हे तिच्या मुलीला पटत नव्हतं.

ट्विला लेक्सिंग्टनला राहते, दीड तासावर. वाईट मुलगी नाही, हे आधीच सांगतो. मार्च महिन्यात डेल्फियानं स्वयंपाकघरात गॅसवर फडकं ठेवलं आणि ते पेटलं. तिनं स्वतःच विझवलं, पण भिंत काळी झाली, आणि ट्विलानं ती भिंत बघितली. तेव्हापासून रोज फोन. आईनं घर विकावं आणि तिच्या जवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला यावं. तिथं नर्स असते, लिफ्ट असते, सगळं असतं. फक्त शेगडी चालत नाही. मेणबत्तीसुद्धा चालत नाही.

शेवटी दोघींचा सौदा ठरला. डर्बीच्या दिवशी डेल्फियानं सगळं एकटीनं करायचं, कुणी हात लावायचा नाही. निभावलं, तर ट्विला पुढच्या डर्बीपर्यंत घराचा विषय काढणार नाही. नाही निभावलं, तर जूनमध्ये लेक्सिंग्टन.

“हॉलिसकाका, तुम्ही खरं काय ते सांगायचं,” ट्विला मला फोनवर म्हणाली होती. “आईला पाठीशी घालायचं नाही. तुम्हाला तिची काळजी असेल तर.”

काळजी! आता मी मोकळेपणानं सांगतो, मला काळजी माझीही होती. डेल्फिया गेली तर शनिवारची दुपार मी कुठं नेऊन घालणार होतो? मुलगा महिन्यातून एकदा फोन करतो आणि हवामान विचारतो. पण शब्द दिला होता, म्हणून पंच झालो.

साडेचारला ट्विला आणि तिचा नवरा ग्रेडी आले. ट्विलाच्या डोक्यावर परातीएवढी पिवळी टोपी. ग्रेडी दातांच्या दवाखान्यांना खुर्च्या विकतो, आणि त्यामुळे की काय, समोरच्याला दुखणार तर नाही ना अशा चेहऱ्यानं सतत वावरतो. बाकीचे पाहुणे येतच होते, डझनभर माणसं, गल्लीतली आणि कारखान्यातली जुनी. कुणी खारवलेल्या हॅमचे पाव आणले, कुणी काकडीची सँडविचेस. खिडकीतून टीव्ही दिसेल असा लावला होता.

“मिस डेल्फिया, तुमच्यासाठी काहीतरी आणलंय,” ग्रेडी म्हणाला (आमच्याकडे सासूलाही मिसच म्हणतात) आणि गाडीतून फळ्यांची मोळी घेऊन आला. सुतळी बांधून, वर लाल रिबिन लावून. “ओक. खऱ्या पिंपाच्या आहेत. तुमच्या फळ्या संपत आल्यात असं ट्विला म्हणाली.”

ते खरं होतं. डेल्फियाच्या शेवटच्या दिवशी तिनं जाळलेलं शेवटचं पिंप कारखान्यानं तिला भेट दिलं होतं, आणि त्याच्या बत्तीस फळ्यांतल्या आता चार उरल्या होत्या.

डेल्फियानं एक फळी हातात घेतली. बोटं फिरवली, अंगठ्याचं नख आतल्या बाजूनं खरवडलं आणि बोट नाकाशी नेलं. मग फळी परत मोळीवर ठेवली.

“छान आहेत, ग्रेडी. गॅरेजमध्ये ठेव.”

“आज नाही वापरणार?”

“या आगीवर चढणार नाहीत.”

“आई,” ट्विला म्हणाली, “तो चाळीस मैल गेला होता या आणायला.”

“मग चाळीस मैलांबद्दल थँक यू. नख काळं झालं नाही माझं, ट्विला. पिंपाची फळी असती तर झालं असतं. हिला आतून काहीतरी फासलंय.”

“तुला दिसतंय का काही? ओक आहे ती. गोल वाकलेली आहे, पिंपाचीच आहे.”

“दिसत नाही म्हणून तर हात लावून बघितलं.”

विषय तिथं संपला असं मला वाटलं. आमच्याकडची एक खोड आहे, गोल वाकलेली ओकची फळी दिसली की माणसाला वाटतं, यात बर्बन मुरलंय. मलाही वाटलंच असतं. ग्रेडी ओशाळून हसला, पण मोळी काही गॅरेजमध्ये गेली नाही. शेगडीजवळच राहिली.

साडेपाचला डेल्फिया पेले आणायला आत गेली. एकटी, मोठा ट्रे घेऊन, पायरीवर पाय चाचपत. ट्विला खिडकीतून तिच्यावर डोळा ठेवून होती. आणि त्याच वेळी ग्रेडीनं झाकण उचललं, मोळीतली एक फळी कोळशांवर ठेवली आणि झाकण लावलं. माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. चव घेतली की खूश होतील, असा भाव.

मी बोलायला हवं होतं. अजून माझं मला नवल वाटतं, का नाही बोललो. पंच आहे, मध्ये पडायचं नाही, हे एक. आणि दुसरं, इतका साधा आनंद होता त्याच्या तोंडावर, की तोडवेना. मी मूग गिळून बसलो. धूर पांढरा यायला लागला, मग पिवळट, आणि तरी मी बसूनच.

डेल्फिया ट्रे घेऊन दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली. पेले किणकिणले.

“कुणी टाकलं?” ती म्हणाली. मोठ्यानं नाही.

तिनं ट्रे खाली ठेवला, सरळ शेगडीकडे आली, झाकण काढून गवतावर फेकलं, दोन फडक्यांनी काकवीचा थाळा उचलला आणि अख्खा थाळा मागच्या कुंपणाच्या झुडपाखाली ओतून टाकला. दोन तासांची काकवी. मग जाळीवरची लिंबं, चिमट्यानं चाचपत, एकेक करून त्याच्यावर.

पाहुणे आ वासून बघत होते. ट्विलाची पिवळी टोपी गर्दीतून वाट काढत आली.

“आई, हे काय केलंस?”

“ओतलं.”

“ते दिसतंय मला. का?”

“वास आला. लाकूड कुजू नये म्हणून लावतात ना, त्या औषधाचा. हे पोटात गेलं असतं तर उद्या सगळे डॉक्टरकडे रांगेत बसले असते.”

“म्हणजे ती फळी टाकली कुणीतरी,” ट्विला म्हणाली. मग तिचा आवाज बदलला, हळू झाला, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. “आई, तूच टाकली असशील गं. मोळी तिथंच होती. तुझी फळी कुठली ते तुला कळलं नसेल. हेच तर मी सांगतेय ना तुला.”

झालं. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी घर गेलं होतं. ग्रेडीचे कान लालभडक झाले होते, आणि तो बुटांच्या टोकांकडे बघत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी खुर्चीतून उठलो, गुडघे वाजले.

“हॉलिस, खाली बस,” डेल्फिया म्हणाली.

“अगं, पण मी बघितलंय—”

“तुला कुणी विचारलंय? बस म्हणाले ना.” मग ती ट्विलाकडे वळली, म्हणजे तोंड जरा बाजूला करून. “कारखान्यात आमचा एक नियम होता. तुझ्या आगीवर जे पिंप असेल ते तुझं. कुणी आणलं, कुणी चढवलं, कुणी धक्का मारला, ते विचारायचं नाही. जळलं तर तुझ्या नावावर. ही शेगडी माझी आहे. तिच्यावर काय चढलं ते माझ्या माथी.”

“मग तूच मान्य करतेस.”

“मी काहीही मान्य करत नाही. शर्यत किती वाजता आहे?”

“सातला तीन कमी.”

“मग अजून दिवस संपलेला नाही,” डेल्फिया म्हणाली.

कुणीतरी मागून सुचवलं की आता बीयर उघडू या, कशाला एवढा त्रास.

“ज्याला बीयर हवी त्याच्यासाठी कोपऱ्यावर दुकान आहे,” डेल्फिया म्हणाली. “उघडं असेल.”

कुणी हललं नाही.

मोठी शेगडी बाद झाली होती, त्या धुरानं तिची जाळी माखली होती. डेल्फिया गॅरेजमधून जुनी छोटी शेगडी ओढत घेऊन आली. तिचा एक पाय गंजून आखूड झालाय, त्याखाली तिनं वीट सरकवली. पत्र्याच्या नळकांड्यात कोळसे भरले, खाली कागद, काडी ओढली. पहिली विझली. दुसरीही. ट्विलाचा हात आपोआप पुढं आला आणि डेल्फियानं न बघता सांगितलं, “नको.” तिसरी लागली.

नवे कोळसे लालसर व्हायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात तिनं आतून काकवीची उरलेली बाटली आणून पातेल्यात ओतली, नवी लिंबं कापली. लिंबं कापताना मी तोंड दुसरीकडे केलं, खोटं कशाला बोलू. पण बोटं शाबूत राहिली. मग तिनं स्वतःच्या त्या चार फळ्यांतली एक आणली आणि गुडघ्यावर धरून आडवी मोडली, चार तुकडे केले. कोरड्या ओकचा आवाज झाला, कारखान्यातले म्हातारे एकदम वळून बघायला लागले. त्यांना तो आवाज ओळखीचा होता.

दोन तास धूर द्यायला वेळ नव्हता. तिनं दुसरंच काढलं डोक्यातून. फळीचा तुकडा चिमट्यानं सरळ निखाऱ्यावर धरला आणि मोजायला लागली. ओठ हलत होते, पायाचा अंगठा बुटात आपटत होता. कारखान्यातला एक म्हाताराही तिच्याबरोबर पुटपुटायला लागला. चाळीस, एकेचाळीस. लाकडानं पेट घेतला, तरी ती थांबली. चोपन्न, पंचावन्न, आणि तिनं तो पेटता तुकडा तसाच काकवीच्या पातेल्यात बुडवला. चुर्र झालं, आणि पातेल्यातून असा गोड, जळका वास सुटला की पुढं उभी असलेली एक बाई चक्क हसली. दुसरा तुकडा, परत पंचावन्न. तिसरा. तिसऱ्या वेळी चिमटा घसरला, तुकडा गवतावर पडला आणि तिनं वाकून तो हातानं उचलला. जे टोक तिनं धरलं तेही निखारा झालं होतं. हे मी बघितलं. तिनं ओठसुद्धा दाबला नाही. तुकडा पातेल्यात टाकला आणि हात एप्रनला पुसला.

ग्रेडी या सगळ्यात गाडीकडे गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक लाकडी गोल होता, पिंपाचा तळ असतो तसा. त्यानं तो ट्विलापुढं धरला. त्यावर कागदी पट्टी चिकटवलेली होती. फुलझाडांसाठी, आतून संरक्षक लेप, जाळू नये.

“कुंडी होती,” तो म्हणाला. “मी दुकानातून अर्धं पिंप घेतलं आणि फोडलं. पट्टी वाचलीच नाही. आणि आगीवर फळी मीच टाकली, ट्विला. त्यांनी नाही. त्यांनी तर आधीच नको म्हटलं होतं.”

ट्विला त्या पट्टीकडे बघत राहिली. “मग मघाशी का नाही बोललास?”

“भीती वाटली,” ग्रेडी म्हणाला. पन्नाशीचा माणूस, पण इतकं सरळ बोलला की मला त्याचा राग धरता आला नाही. शिवाय मी तरी कुठं बोललो होतो?

“मिस डेल्फिया, माफ करा,” तो म्हणाला.

“बाजूला हो, ग्रेडी, तू वाऱ्यात उभा आहेस,” ती म्हणाली.

साडेसहाला पेले पालथे पडायला लागले. एकेक पाहुणा समोर येऊन उभा राहायचा, ती पेला फळीच्या उरलेल्या धुमसत्या तुकड्यावर धरायची, बोटाच्या पेरानं काचेची ऊब बघायची आणि उलटा करायची. बर्बन ती आवाजावर ओतते, पेला भरत आला की त्याचा सूर चढतो म्हणे. मला तो कधीच ऐकू आला नाही. तेरावा पेला माझा होता. पहिला घोट घेतला, मग लगेच दुसरा. दोन तासांच्या धुराची नव्हती ती चव, जास्त रांगडी होती, जरा अंगावर येणारी. गेल्या नऊ वर्षांत असलं काही प्यायलो नव्हतो.

मग घोडे पळाले. दोन मिनिटं सगळी टोपीवाली मंडळी खिडकीशी लोटून ओरडली. डेल्फियाही ओरडली, बरोबर योग्य वेळी, जसं काही सगळं दिसतंय. कोण जिंकला ते विचाराल तर मला खरंच आठवत नाही.

लोक पांगायला लागले तेव्हा ट्विला टेबलाशी आली. डेल्फिया डाव्या हातानं पेले गोळा करत होती.

“आई, उजवा हात बघू.”

“काय करायचंय?”

“हात बघू.”

ट्विलानं माझ्याकडे बघितलं. पंचाकडे. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार होतो ते देवालाच ठाऊक. तेवढ्यात डेल्फियानंच हात पुढं केला. तळव्यावर आणि दोन बोटांवर फोड आले होते, पांढरे, टच्च भरलेले.

“भाजलाय,” ती म्हणाली. “लपवत नाही. एकतीस वर्षांत अकरा वेळा भाजला, ट्विला, तेव्हा दोन्ही डोळे धडधाकट होते. एकदा तर महिनाभर चमचा धरता येत नव्हता, तूच भरवायचीस, सात वर्षांची होतीस. तेव्हा मला कुणी घरी बस म्हणालं नाही. तूपण नाही.”

ट्विलाच्या हातात आईचा हात होता आणि तिला तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. मग ती खाली बसली, बर्फाचे खडे फडक्यात बांधले आणि तळव्यावर धरले. टोपी काढून टेबलावर ठेवली.

“मला झोप लागत नाही गं,” ट्विला म्हणाली. “फोन वाजला की वाटतं, शेजाऱ्यांचा आहे, घर पेटलंय.”

“ठाऊक आहे मला.”

“बरं. पुढच्या डर्बीपर्यंत.”

“ती अट तुझी होती,” डेल्फिया म्हणाली. “मी वर्षाच्या करारावर राहत नाही, ट्विला. मी इथं राहते. आज डोळ्यांना काही दिसलं नाही, पण नाकाला कळलं. ज्या दिवशी नाकालाही कळेनासं होईल, त्या दिवशी मीच तुला फोन करीन. मग ने मला तिसऱ्या मजल्यावर, मी बॅग भरून पायरीवर बसलेली असेन. पण तोवर ती चकचकीत पत्रकं पाठवू नकोस. मला वाचता येत नाहीत.”

यावर ट्विला हसली की रडली ते मला नीट कळलं नाही, थोडं दोन्ही असावं.

निघताना डेल्फियानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, एक हात फडक्यात गुंडाळलेला. स्वतःचं तोंड नेहमीसारखं बाजूला वळवलं, मग दुसऱ्या बाजूला, मग परत पहिल्या. एवढा वेळ ती कधी निरोप घेत नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. ऊन अजून होतं, झाडांच्या शेंड्यांवर. मग ती माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. हे ती सहसा करत नाही, तिला बसायला आवडत नाही.

“हॉलिस.”

“काय?”

“ट्विलाचे केस पांढरे झालेत का रे?”

मी वळून तिच्याकडे बघितलं. मला वाटत होतं, तिला किती दिसतं आणि किती नाही, ते मला पक्कं माहीत आहे.

“कानाजवळ थोडे,” मी म्हणालो.

“थोडे म्हणजे किती?”

“टोपी काढल्यावर कळतात एवढे.”

“आणि तोंड?”

“तोंड तुझंच. आज रागावली तेव्हा तर हुबेहूब.”

तिनं हातावरचं फडकं नीट गुंडाळलं.

“टोपी दिसते मला,” मग ती म्हणाली. “पिवळी होती ना? हात दिसतात, बूट दिसतात. तोंड तेवढं नेमकं डागात जातं. मान कितीही फिरवली तरी. दोन वर्षं झाली आता. तिला बोलले नाही मी, तूही बोलायचं नाहीस.”

“नाही बोलत.”

“पुढच्या वेळी आली की जरा नीट बघून ठेव,” डेल्फिया म्हणाली. “मला सांगायला.”

मी हो म्हणालो.